पाठमोरी खुर्ची

मॅच सुरू व्हायची शिट्टी वाजली की आमचे सर उठायचे, आपली पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलायचे आणि मैदानाकडे पाठ करून ती पुन्हा मांडायचे. मग तिच्यावर बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. मॅच संपेपर्यंत.

फुटबॉलचा कोच म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रेषेवर येरझारा घालणारा, ओरडून घसा बसलेला माणूस येत असेल. आमच्या डोळ्यांसमोर एक टक्कल आणि त्याखाली इस्त्रीची कॉलर यायची.

"सर, मॅच इकडे आहे," मी पहिल्याच दिवशी जाऊन सांगितलं. मला वाटलं, त्यांची काहीतरी गफलत झाली असेल.

"म्हाईत हाय," सर मान न वळवता म्हणाले. "मी बघितलं की तुमी माझ्याकडं बघताय. मग बॉल कोण बघणार? जा, खेळ तू. ऐकू येतंय मला."

सर कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल म्हणजे काय असतो हे तुम्हाला ठाऊक असेल, मला नव्हतं. मी दुबईत वाढलेला, आईनं मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ देणारा. दुबई आणि शारजाच्या वेशीवर एका भारतीय संस्थेचं छोटं कॉलेज होतं, खाली कार्पेटचं दुकान आणि वर आम्ही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सर तिथले खेळांचे शिक्षक. मैदान म्हणजे पाणी मारून, रोलर फिरवून बसवलेली वाळू. टीममध्ये केरळची मुलं, गोव्याचा नेल्सन गोलकीपर, दोन पाकिस्तानी आणि सुदानचा मुस्तफा. मुस्तफाच्या पायाला बॉल लागला की तो सुतासारखा सरळ व्हायचा. बॉल, मुस्तफा नव्हे.

आणि मी. निवड चाचणीच्या दिवशी मी बॉलला लाथ मारायला गेलो आणि उताणा पडलो. सर जवळ आले. माझ्या तोंडून "आई गं" निघून गेलं होतं.

"मराठी हायस?"

"हो सर."

"मग तू कॅप्टन."

घरी जाऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला. माझ्यातले नेतृत्वाचे गुण कुणाला तरी दिसले याचा आम्हा तिघांनाही फार आनंद झाला. आईनं त्याच संध्याकाळी दीडशे दिरहमचे बूट घेऊन दिले आणि दुकानातच मोठ्यानं हिशोब करून सोळाशे रुपये झाल्याचं जाहीर केलं. त्या बुटांनी पुढे काय केलं ते येईलच.

मला कॅप्टन का केलं हे मी सरांना महिनाभरानं विचारलं. मला कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काय.

"हे बघ लेका," सर म्हणाले, "चांगली पोरं खेळायला लागतात. त्यांना कशाला आणि काम लावायचं? कॅप्टनला तीन कामं. टॉस करायचा, रेफ्रीसंगं भांडायचं, आणि हरल्यावर प्रिन्सिपलकडं जायचं. मुस्तफाला ह्यात घालवू काय मी?"

"पण सर, लीडरशिप..."

"तीच की ही. जिंकल्यावर समदीच म्होरं असतात. हरल्यावर त्या केबिनचं दार कोण ढकलतोय, तो लीडर. तुला बोलाय येतंय, लाज कमी हाय. जमंल तुला."

हे मी घरी सांगितलं नाही.

मी कॅप्टन होण्याला आणखी एक कारण होतं. सरांचं हिंदी शिस्तीचं आणि फार सभ्य होतं. "आप लोग थोडा भागिये," असं ते म्हणायचे आणि कुणी भागायचं नाही. त्यांना रागवायचं असलं की मराठीच लागायची. मग ते माझ्याकडे बघून पूर्ण टीमवर मराठीत तोंडसुख घ्यायचे आणि मी त्याचं भाषांतर करायचो. दहा मिनिटांच्या भडिमाराचं मी "सर म्हणतात, जरा जोर लावा" असं करायचो. मुस्तफा मला म्हणायचा, "हबीबी, इतना बोला और इतनाच बोला?" टीमला मात्र मूळ मराठीच आवडायची. नेल्सन तर सरांच्या शिव्या पाठ करून सेव्ह केल्यावर म्हणायचा.

पाठ करून बसलेल्या सरांना सगळं ऐकू यायचं, ही थाप नव्हती. हाफटाइमला मान वळवून ते बरोबर सांगायचे की डाव्या बाजूचा पोरगा चालतोय, पळत नाही. बॉलच्या आवाजावरून त्यांना पाय ओळखता यायचा. "हा मुस्तफाचा," ते पार्किंगकडे बघत म्हणायचे. "हा नेल्सनचा. लांब गेला." माझा पाय लागला की विचारायचे, "आत्ता काय पडलं रं?"

सर शारजात दोन खोल्यांत राहायचे. काकू आणि एक मुलगी, दहावीत. सर रोज पहाटे तिला घेऊन ट्रॅफिकमधून दुबईतल्या ऊद मेथा भागात तिच्या शाळेत सोडायचे आणि मग कॉलेजला यायचे. मॅच जिंकली की टीमला घरी बोलवायचे आणि काकू सगळ्यांना तांबडा रस्सा वाढायच्या. मुस्तफा पहिल्यांदा जेवला तेव्हा त्याचं नाक, डोळे सगळं वाहायला लागलं आणि तरी तो वाटी पुढे करत राहिला. मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावर कानात कापूस घालून अभ्यास करायची. आमच्या आवाजापुढे त्या कापसाचं काही चालत नसे.

मग आमच्या कॉलेजात नवे प्रिन्सिपल आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या केबिनमध्ये भिंतीवर गरुडाचं चित्र होतं आणि त्याखाली नेतृत्वाविषयी एक ओळ. एका लीग मॅचमध्ये हरल्यावर मी माझ्या तिसऱ्या कामासाठी तिथे गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि इंग्रजीत समजावलं की खेळांचा शिक्षक हा कॉलेजला परवडणारा खर्च आहे की नाही हे बघावं लागेल. यंदाचा आंतरकॉलेज कप आला तर ब्रोशरमध्ये फोटो टाकता येईल. नाही आला, तर सरांचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय आणि ते पुढे वाढणार नाही.

तिथे वाढलेल्या पोराला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो. सरांचा गेला की काकूंचा आणि मुलीचाही जातो. आणि मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती.

मी सरांना येऊन सगळं सांगितलं. सर सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होते. त्यांनी एकावर एक कोन ठेवले आणि म्हणाले, "बरं. फायनलला टॉस जिंक. ऊन डोळ्यांवर घेऊ नको."

"सर, पण तुमच्या मुलीची परीक्षा..."

"तिला सांगायचं न्हाई. अभ्यास करू दे."

त्यानंतरच्या आठवड्यात जेवायला गेलो तेव्हा फ्रिजवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. सर पाणी घ्यायला उठले की त्याच्यासमोर उभे राहायचे आणि पाणी न घेताच परत यायचे. ते बघून मी ठरवलं, सरांना वाचवायचं. खरं सांगायचं तर मला सर वाचायला हवे होते आणि वाचवणारा मी असायला हवा होतो. यातलं कुठलं जास्त हवं होतं ते आज सांगता येणार नाही.

मी लायब्ररीतून नेतृत्वावरचं एक जाड पुस्तक आणलं. फायनलच्या आदल्या दिवशी टीमला रिंगणात उभं करून इंग्रजीत भाषण केलं. व्हिजन, मिशन, कमिटमेंट, सगळं त्यात होतं. मी थांबलो. मग मुस्तफानं विचारलं, "खलास?" मी हो म्हटलं. "यल्ला, चला," तो म्हणाला आणि सगळे सराव करायला गेले.

फायनल रमझानमध्ये आली. त्या वर्षांत रमझान थंडीत यायचा. मॅच दुपारी ठेवली होती, म्हणजे रोजा सुटायच्या आत संपावी. पण रेफ्री ट्रॅफिकमध्ये अडकले आणि सगळंच उशिरा सुरू झालं. तेव्हा दोन्ही कॅप्टनना बोलावून रेफ्रींनी सांगितलं, अजान झाली की बॉल बाहेर जाईल तेव्हा खेळ थांबवू, पाणी-खजूर होऊ दे, मग उरलेली मिनिटं खेळू. मी टॉस जिंकलो. ऊन पाठीशी घेतलं. तीनांपैकी एक काम तरी नीट झालं होतं. सरांनी खुर्ची फिरवली.

मुस्तफानं रोजा धरलेला असूनही पहिल्या हाफमध्ये गोल केला. दुसऱ्यात समोरच्या कॉलेजानं तो फेडला. एक-एक. मांडवात पहिल्या रांगेत प्रिन्सिपल होते आणि त्यांच्या शेजारी पाहुणे म्हणून बोलावलेले पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यातले वयस्क इमाराती गृहस्थ. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि मैदानामागच्या मशिदीतून अजान सुरू झाली.

समोरच्या टीमच्या गोलकीपरचा रोजा होता. त्याची बाटली आणि खजूर गोलपोस्टच्या बाजूला ठेवलेले होते. बॉल लांब आहे असं बघून बिचारा तिकडे वळला. तेवढ्यात कुणाच्या तरी अंगाला लागून बॉल घरंगळत माझ्यासमोर आला.

समोर गोल होता आणि गोलात कुणी नव्हतं.

मी थांबलो का? मनात काही थोर विचार आला का? नाही. मला फ्रिजवरचं वेळापत्रक दिसलं, ब्रोशरमधला माझा फोटो दिसला, आणि मी त्या सोळाशे रुपयांच्या बुटानं जीव खाऊन बॉल मारला.

बॉल गोलात गेला नाही. गोलवरूनही गेला नाही. बुटाच्या कुठल्या भागाला लागला देव जाणे, तो थेट आडवा निघाला आणि बाजूच्या रेषेबाहेर गेला. रेफ्रींना थ्रो-इन द्यावा लागला. मोकळ्या गोलवर मारलेल्या शॉटला थ्रो-इन मिळणं मी तरी पुन्हा पाहिलेलं नाही.

मग पहिल्या रांगेतले पांढऱ्या कंदुऱ्यातले गृहस्थ उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळा मांडव उभा राहिला. अजान झाली म्हणून, समोरच्याचा रोजा सुटतोय म्हणून, जिंकण्याची संधी सोडून या हिंदू मुलानं बॉल मुद्दाम बाहेर घालवला! त्यांचा कॅप्टन धावत आला, मला मिठी मारली आणि त्याच्या हातातला पहिला खजूर माझ्या तोंडात घातला. मला काही बोलता आलं नाही, कारण तोंडात खजूर होता.

आमच्या टीमला मात्र माझा पाय ठाऊक होता. नेल्सननं ग्लोव्हजमध्ये तोंड लपवलं होतं. मुस्तफा वाळूत गुडघे टेकून बसला होता आणि लोकांना वाटलं, त्याचे डोळे भरून आलेत. तो हसत होता.

खजूर-पाणी झाल्यावर ते ताजेतवाने झाले आणि त्यांनी गोल केला. आम्ही हरलो. मी सरांपाशी गेलो. खुर्ची अजून पार्किंगकडेच होती.

"मोकळा गोल होता न्हवं?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"आवाज आला मला. थ्रो-इन कसा काय गेला रं?"

मला रडू फुटलं. सर उठले आणि त्यांनी आपला रुमाल मला दिला. "चल," ते म्हणाले. "उद्या प्रिन्सिपलकडं मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आम्ही दोघं उभे राहिलो तर प्रिन्सिपल स्वतः उठून पुढे आले. पाहुण्यांनी रात्रीच फोन करून कॉलेजचं कौतुक केलं होतं. वर्तमानपत्रात खजूर भरवतानाचा फोटो होता. प्रिन्सिपलनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला. "कप तो हर कोई जीतता है," ते म्हणाले. "आपने बच्चे को व्हॅल्यूज सिखाये. धिस इज लीडरशिप."

आता फक्त गप्प राहायचं होतं. मी आयुष्यभर ज्या कामात तरबेज नाही तेच काम, पण त्या दिवशी मला जमलं. सरांना जमलं नाही.

"नहीं सर," सर सभ्य हिंदीत म्हणाले. "लडके ने गोल ही मारा था. लगा नहीं. उसका पाँव ऐसा ही है."

प्रिन्सिपल मोठ्यानं हसले. मला म्हणाले, "देखा? अँड धिस इज ह्युमिलिटी." त्यांनी तिथल्या तिथे कॉन्ट्रॅक्ट शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत वाढवायला सांगितलं.

बाहेर आल्यावर जिन्यात सर थांबले. "आपण सांगितलं," ते म्हणाले. "त्यांनी ऐकलं न्हाई त्याला आपण काय करणार? लबाडी न्हाई केली." मग कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. "परीक्षा हुईल पोरीची," ते म्हणाले आणि वाकून माझ्या बुटाला हात लावून तो कपाळाला लावल्यासारखं केलं. चेष्टाच होती, पण त्यांचे डोळे चेष्टेचे नव्हते. मी पाय मागे घेतला आणि एक पायरी चुकलो.

मुलीची परीक्षा झाली. पुढच्या वर्षी खेळांचा शिक्षक ठेवायचा नाही असं कॉलेजनं ठरवलं. व्हॅल्यूजसाठी बाहेरून एक ट्रेनर येणार होते. सरांनी सामान बांधलं. जाण्याआधी फायनलमध्ये आम्हाला हरवलेल्या त्याच कॉलेजानं निरोपाची मैत्रीची मॅच ठेवली.

त्या दिवशी शिट्टी वाजली, सर उठले, खुर्ची उचलली, आणि तशीच खाली ठेवली. मैदानाकडे तोंड करून. शेजारच्या खुर्चीवर काकू होत्या. सरांनी त्यांचं मनगट धरलेलं होतं.

"सर, आज इकडे?" मी विचारलं.

"आता काय जायचं ऱ्हायलंय? बघतो की एकदा."

"हनिमून," मुस्तफा माझ्या कानात म्हणाला.

सरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं तसंच झालं. आम्ही सगळे सारखे सरांकडे बघत होतो आणि बॉलकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चार गोल खाल्ले. शेवटी त्यांच्या गोलकीपरला माझे रमझानमधले उपकार आठवले. मी बॉल घेऊन आलो तेव्हा तो हसून बाजूला झाला आणि त्यानं हात करून मला गोल दाखवला. पाहुणा आला की 'या, आत या' करतात, तसा.

मी मारला. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला.

यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. सर मात्र खुर्चीतून उठले होते आणि पोट धरून हसत होते. मॅच संपल्यावर मी जवळ गेलो तर डोळे पुसत म्हणाले, "पैल्यांदा बघितलं रं तुला मॅच खेळताना. ऐकताना बरा वाटायचास."

सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलल्या. कॅप्टनचं चौथं काम, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. काकूंच्या खुर्चीपाशी वाळूत हिरव्या बांगडीचे तुकडे पडले होते. पोरं तिथे अनवाणी फिरायची, म्हणून मी ते बुटानं खोल ढकलून वर वाळू सारली.

पुढे मी नोकरीला लागलो, आधी शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गोदामात. तिथे चार माणसं हाताखाली आल्याबरोबर मी माझी खुर्ची त्यांच्याकडे पाठ करून लावली. विश्वास टाकायचा, आपलं नेतृत्व असं. माझ्या पाठीमागे ती चौघं दुपारची झोप घ्यायची हे मला मालकांनी येऊन दाखवलं. मला घोरण्याचा आवाज आला होता, पण तो मी एसीचा समजत होतो. दुबई मरीनाच्या नव्या ऑफिसात आलो तरी मी सुधारलो नाही. नव्या पोरांना सरांच्या खुर्चीचा सिद्धान्त सांगायचो, आणि ती माना डोलवायची.

एका दुपारी कोल्हापूरहून फोन आला. सरांची मुलगी होती. आता ती तिथल्याच एका शाळेत शिकवते. सर गेले, म्हणाली. हार्ट. आठ दिवस झाले.

मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांच्या खुर्चीबद्दल काहीतरी बोललो असणार. ते किती मोठे लीडर होते, आमच्यावर किती विश्वास होता, म्हणून तर पाठ करून बसायचे, असलं काहीतरी.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "बाबांना बघवायचंच नाही. ही वॉज स्केअर्ड. माझ्या गॅदरिंगला पण हॉलच्या बाहेर उभे राहायचे. टीव्हीवर मॅच लागली की बाथरूममध्ये जाऊन आईला विचारायचे, काय झालं, काय झालं."

मरीनाच्या काचेकडे तोंड करून बसलो होतो. पाठीमागे माझी माणसं काय करत होती कुणास ठाऊक.

"आयुष्यात एकच पूर्ण मॅच बघितली त्यांनी," ती म्हणाली. "तुमची, लास्टवाली. आई म्हणाली होती, नका बघू, त्रास होतो तुम्हाला. तर म्हणाले, पोरं परत दिसायची न्हाईत. तू नुसता हात धर. इतका घट्ट धरला होता की आईच्या बांगड्या पिचल्या. घरी येईपर्यंत दोघांच्याही लक्षात नाही."

ते तुकडे मी पाहिले होते. कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून वाळूत ढकलले होते. सरांच्या हाताखाली मी तीन वर्षं खेळलो, त्यात माझ्या बुटानं नीट केलेलं तेवढं एकच काम.